कावेरीवरचं डेक

“पाणी इथे केव्हा पोहोचणार?” नायरसाहेबांनी विचारलं.

आम्ही कुंभकोणमजवळ कावेरीच्या कोरड्या पात्रात उभे होतो. उन्हाळा संपत आला होता, पण वाळू बुटातूनही पाय भाजत होती. समोर दोन पोलादी खांब, त्यांच्यामध्ये ताणलेली नायलॉनची जाळी, आणि त्या जाळीत नाक खुपसून लटकलेलं एक विमान. फार मोठं नव्हे. भाताच्या भरल्या पोत्याहून थोडं जड. आत माणूस बसायला जागाच नव्हती, कारण माणूस बसवायचाच नव्हता.

“मेट्टूरचं धरण उघडलं की आठवड्याभरात,” मी म्हणालो. “कधी आधी, कधी उशिरा. कावेरी सरकारी नोकर नाही.”

“मग सामान बांधायला घ्या. इथलं काम संपलं.”

नायरसाहेब आमचे ग्रुप हेड. माणूस सज्जन, पण ‘संपलं’ हा शब्द त्यांच्या तोंडी फार लवकर यायचा. माझ्या मते काम अर्धंच झालं होतं आणि उरलेलं अर्धं खरं होतं.

आधी थोडं समजावून सांगतो. मी बंगलोरच्या एका सरकारी संरक्षण प्रयोगशाळेत मेकॅनिकल इंजिनिअर होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वैमानिक नसलेली विमानं तेव्हा मुख्यतः तोफखान्याच्या नेमबाजीला निशाण म्हणून उडवत. आमचं स्वप्न जरा लांबचं होतं. युद्धनौकेच्या डेकवरून असं विमान उडावं, पुढे जाऊन पाहून यावं, आणि पुढच्या एखाद्या पिढीत त्याने शत्रूवर मारा करून यावं. यातलं ‘उडावं’ सोपं. रॉकेट लावा, ढकला, गेलं. ‘यावं’ हे अवघड. पॅराशूटने समुद्रात उतरवलं तर खारं पाणी आतल्या वायरी खातं, आणि ते वेचायला जहाजाला थांबून होडी उतरवावी लागते. लढाईत कोण थांबणार?

म्हणून जाळी. डेकच्या मागच्या टोकाला जाळी उभी करायची आणि विमान सरळ तिच्यात उडवायचं. नुसती जाळी विमानाला गोफणीसारखी उलट फेकते, हे आम्ही दोन विमानं मोडून शिकलो होतो. तेव्हा मी जाळीच्या दोन्ही बाजूंचे दोर दोन ब्रेक ड्रमवर गुंडाळले. ब्रेक ड्रम म्हणजे विहिरीचा रहाट समजा, फक्त त्याला ब्रेक लावलेला. विमान धडकलं की दोर सुटत जातो, पण नाखुशीने. विमान थोडं पुढे जाऊन आपोआप थांबतं.

आता माझा आणि नायरसाहेबांचा वाद. त्यांचं म्हणणं, दोन्ही ड्रम एकाच दांड्यावर बसवा, दोन्हीकडून सारखा दोर सुटेल, वजन कमी, भानगड कमी. माझं म्हणणं, दोन ड्रम स्वतंत्र हवेत. जहाज कललं की जाळी तिरकी होणार, एका बाजूला ताण जास्त येणार. त्या बाजूने दोर जास्त सुटला तरच विमान पिळवटणार नाही. वाळूत रोवलेल्या खांबांवर दोन्ही पद्धती सारख्याच चालत. खांब हलतच नव्हते, तर फरक दिसणार कुठून? ‘तुमचा दुसरा ड्रम म्हणजे हौस आहे,’ असं नायरसाहेब चारचौघांत म्हणायचे. पुढच्या डिझाइनमधून तो कापायचा, हे जवळजवळ ठरलंच होतं.

कावेरीचं पात्र मीच सुचवलं होतं. माझं गाव कुंभकोणम. उन्हाळ्यात नदी कोरडी असते, पात्र एका ठिकाणी लांबवर सरळ आहे, पडलं तर विमान वाळूत पडतं, आणि कलेक्टरची परवानगी मिळण्यासारखी. वर राहायला माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं घर. टीममधले चौघे तिच्याकडेच जेवायचे. बाकी काही असो, आमच्या प्रयोगशाळेच्या इतिहासात एवढी चांगली जेवणं दुसऱ्या कुठल्या ट्रायलला मिळाली नाहीत.

त्या दिवशी नौदलाकडून आलेले कमांडर ग्रेवाल आमच्याबरोबर होते. उंच, पंजाबी, बोलायला मोकळे. त्यांनी तीन वेळा विमान जाळीत शिरताना पाहिलं. तिन्ही वेळा बिनचूक. दिवाकर नावाचा आमचा ऑपरेटर काठावर बसून रेडिओने विमान चालवायचा. विमानाच्या नाकात छोटा कॅमेरा होता, त्याचं चित्र त्याच्यासमोर पडद्यावर दिसायचं. त्याचा हात इतका हलका की चहाचा ग्लास विमानावर ठेवला तरी सांडला नसता.

“सुंदर,” ग्रेवाल म्हणाले. “पण माझं डेक हलतं.”

“सर, म्हणूनच आम्हाला जहाज हवंय.”

“आणि कॅप्टन मला विचारणार, हलत्या डेकवर सिद्ध झालंय का? मी काय सांगू?”

आमच्याकडे म्हण आहे, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. ही तमिळमध्येही आहे, म्हणजे दोन्हीकडे अनुभव सारखाच असावा. हलत्या डेकवर दाखवल्याशिवाय जहाज नाही, आणि जहाजाशिवाय हलतं डेक नाही. दोन महिन्यांनी रिव्ह्यू होता. तिथे सांगायला काही नसेल तर जाळी कपाटात जाणार, पॅराशूट परत येणार, आणि माझा दुसरा ड्रम भंगारात. मोडलेल्या दोन विमानांनंतर आमच्याकडे उडण्याजोगं हे एकच उरलं होतं.

म्हणून नायरसाहेब ‘सामान बांधा’ म्हणत होते, आणि मी वाळूत उभा राहून पाणी कुठवर येईल ते पाहत होतो. काठावरच्या पायऱ्यांवर गेल्या वर्षीच्या पाण्याची रेघ होती, माझ्या छातीएवढी. आणि तेव्हा मला सुचलं. हे मात्र मलाच सुचलं, दुसऱ्या कोणाला नाही. इतक्या वर्षांनी नम्रता दाखवायची मला हौस नाही.

“साहेब,” मी म्हणालो, “पाणी आलं की इथे डेक हलवता येईल.”

“कोणतं डेक?”

“तेप्पम.”

तेप्पम म्हणजे देवाचा तराफा. आमच्याकडे वर्षातून एकदा देव देवळाच्या तळ्यात नौकाविहार करतात. रिकामी पिंपं एकमेकांना बांधायची, वर फळ्या, त्यावर मंडप, दिवे, देव आणि नादस्वरम वाजवणारे. एवढं ओझं घेऊन तो तराफा तळ्याला फेऱ्या घालतो. मग दोन खांब, एक जाळी आणि एक पोतंभर वजनाचं विमान त्याला काय जड?

नायरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “आणि मी रिपोर्टमध्ये काय लिहू? देवाच्या तराफ्यावर ट्रायल घेतली?”

“‘फ्लोटिंग प्लॅटफॉर्म, स्थानिक बनावटीचा’ असं लिहा.”

कमांडर ग्रेवाल मोठ्याने हसले. “मी येतो बघायला,” ते म्हणाले. बस्स, नायरसाहेबांना नाही म्हणता येईना.

तेप्पम बांधणारी मंडळी ठरलेली आहेत. त्यांचा म्होरक्या गोविंदराज. तोच उत्सवात देवळाचा रथ ओढणाऱ्यांनाही सांभाळायचा. मी शाळेत असताना रथाच्या दोराला हात लावायला धावायचो, तेव्हा त्याचे वडील मला मागे ढकलायचे. त्याला मी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन तेप्पम लांबीला जोडायचे. वर आपली जाळी. पुढे-मागे नांगर. आणि दोन्ही खांबांच्या मध्यावर एकेक जाड दोर बांधून तो काठांवर न्यायचा. डाव्या काठाने ओढलं की तेप्पम डावीकडे कलेल, उजव्याने ओढलं की उजवीकडे. आळीपाळीने ओढत राहिलं की जहाजासारखं डोलेल.

“बुडवायचं नाही ना?” गोविंदराजने विचारलं.

“नाही.”

“मग होतं. पण असा जाड दोर बाजारात मिळत नाही. रथाचा जुना दोर देवळात पडलाय, तो आणतो. ट्रस्टींना मी बघतो.”

धरण उघडलं. आणि एका सकाळी कावेरी आली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, नदी गर्जत वगैरे येत नाही. वाळूवरून फेसाची एक जीभ सरकत येते, समोरचा पालापाचोळा ढकलत. तिच्यापुढे लोक उलटं चालतात, हात जोडून. अक्काने पाण्यात हळद-कुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, “तुझं अस्की सामान काढलंस की रे? का तेंही नदीला देतोस?”

आमची मराठी तंजावरची. पूर्वज मराठ्यांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. ‘अस्की’ म्हणजे सगळं. माझी बायको सांगलीची. हा लेख तिने तपासलाय, म्हणून तुम्हाला वाचता येतोय. अक्काचं बोलणं मात्र मी तिला तपासू दिलेलं नाही.

पात्र भरायला काही दिवस गेले. तेप्पम तयार झालं. त्यावर पोलादी खांब उभे केले, पायथ्याशी माझे दोन ड्रम बसवले. जाळीच्या प्रत्येक दोराला ताण मोजायची एक छोटी डबी लावली. तिला लोड सेल म्हणतात. दोन्ही काठांवर गोविंदराजची तीस-तीस माणसं. तालीम झकास झाली. डावे ओढत, उजवे सोडत, मग उलट. तेप्पम एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखं संथ डुलत होतं.

इथे नायरसाहेबांनी एक अट घातली. विमान एकच होतं, त्यांची काळजी मला कळत होती. विमान जवळ आलं की मी शिट्टी वाजवायची. शिट्टी झाली की दोन्ही काठांनी दोर ढिले सोडायचे. म्हणजे जाळीत शिरताना तेप्पम जवळजवळ स्थिर असेल.

कमांडर ग्रेवालांना हे आदल्या संध्याकाळी अक्काच्या घरी जेवताना कळलं. त्यांच्या पानात डांगराची पचडी होती आणि ते तिसऱ्यांदा वाढून घेत होते. त्यांचा हात थांबला.

“शिट्टी?”

“सेफ्टीसाठी,” नायरसाहेब म्हणाले.

“मिस्टर नायर, समुद्र तुमची शिट्टी ऐकतो?”

नायरसाहेब पानातला भात कालवू लागले.

“मी उद्या बघेन,” ग्रेवाल म्हणाले. “पण शिट्टीवर थांबणारं डेक बघून मी कॅप्टनकडे जहाज मागू शकत नाही. माफ करा.”

नायरसाहेब हात धुवायला उठले. मी त्यांच्यामागे गेलो.

“साहेब, शिट्टी काढून टाकू या.”

“आणि विमान मोडलं तर? प्रोजेक्ट उद्याच बंद. असं निदान रिव्ह्यूपर्यंत श्वास आहे. शिट्टी राहील.”

ते बॉस होते. शिट्टी राहिली. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. आठ वर्षं मी त्या ड्रमांमागे घालवली होती. उद्या विमान मऊपणे जाळीत शिरणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि त्याने काहीही सिद्ध होणार नव्हतं.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही काठावर पोहोचलो आणि मी कपाळाला हात लावला. दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. नवं पाणी आलं की आमच्याकडे बायका पूजेला येतातच. त्यात देवळाचं तेप्पम नदीत उतरलंय ही बातमी शेजारच्या तिरुविडैमरुदूर गावापर्यंत गेली होती. कोणी म्हणे देव कावेरीत स्नानाला येणार, कोणी म्हणे सिनेमाचं शूटिंग. बंदोबस्ताला पाठवलेला पोलीस शिपाई भुईमुगाच्या शेंगा सोलत उभा होता.

“लोकांना मागे करा,” मी म्हणालो.

“केलंय सर, मागेच आहेत,” तो म्हणाला. आणि खरंच, सगळे दोरापासून चार हात मागे शहाण्यासारखे उभे होते. मला वाटलं, चला, ठीक.

तेप्पमच्या समोरच्या उतारावर दिवाकर पडद्यापुढे बसला. मी काठावरच्या पायरीवर, एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. एका बाजूला नायरसाहेब, दुसऱ्या बाजूला ग्रेवाल, हाताची घडी घालून. खालच्या बाजूला एका शेतातून रॉकेटच्या धक्क्याने विमान सुटलं. एक मोठी फेरी मारली आणि नदीच्या पात्रात शिरलं. दोन्ही बाजूंना नारळाची झाडं आणि मध्ये पाण्यावरून येणारा तो आवाज. शिवणयंत्र चालावं तसा.

“ओढा,” गोविंदराज ओरडला. डावा काठ ओढू लागला. मग उजवा. तेप्पम डोलू लागलं. ओढताना त्याची माणसं सवयीने ताल धरत होती, जसा रथ ओढताना धरतात.

आणि इथे माझं गाव विसरलं की ही ट्रायल आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. रथाचा दोर दिसला आणि तो चालता असला, तर त्याला हात लावायचा. लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोराला हात लावणं म्हणजे रथ ओढल्याचं पुण्य. लहान मूल असेल तर आई त्याचा हात धरून लावते. दोर हलत नव्हता तोवर लोक मागे राहिले. तो चालू लागला, ताल ऐकू आला, आणि डाव्या काठावर पहिल्यांदा एक म्हातारा पुढे झाला. मग त्याच्या मागच्या बायका. मग सगळा काठ. शिपायाने शेंगा खिशात टाकल्या आणि तोही दोराला लागला. मी पाहिलं तर आमची अक्का, साठीची, नऊवारीचा काष्टा खोचून दोन्ही हातांनी दोर धरून उभी.

विमान जवळ आलं. मी शिट्टी वाजवली.

गोविंदराजच्या तीस माणसांनी शिकवल्याप्रमाणे हात सोडले. पण बाकीच्या शेकडो लोकांना कोण शिकवायला गेलं होतं? त्यांना शिट्टी ऐकू आली आणि त्यांनी तेच केलं जे रथाजवळ शिट्टी वाजली की करतात. “गोविंदा!” म्हणून एका दमात ओढलं. उजव्या काठावरचे लोक अजून मागेच होते, आणि तिथल्या तीस माणसांनी नेमका तेव्हा दोर सोडलेला.

तेप्पम डावीकडे कललं. डोललं नव्हे, कललं. उजवीकडची पिंपं पाण्याबाहेर आली. खांब वाकडे, जाळी तिरकी, आणि सगळंच्या सगळं डाव्या काठाकडे सरकायला लागलेलं.

“अबॉर्ट!” नायरसाहेब माझ्या कानाशी ओरडले. “वर घ्यायला सांगा! वर!”

वॉकीटॉकीवर दिवाकरचा आवाज आला. त्याचा आवाज कधी चढत नसे. “जाळी सरकतेय. मला दिसतेय. येऊ की वर जाऊ? लवकर सांगा.”

विचार करायला वेळ नव्हता, असं अशा गोष्टींत लिहितात. खोटं आहे. विचार करायला जेवढा लागतो तेवढा वेळ होता. मला जाळीचा तिरका कोन दिसला. असाच कोन मी आठ वर्षं कागदावर काढत आलो होतो. डाव्या ड्रमवर ताण कमी येईल, उजव्यावर जास्त. एका दांड्यावरचे ड्रम असते तर मी ‘वर जा’ म्हणालो असतो. पण हे माझे ड्रम होते.

“ये,” मी म्हणालो.

नायरसाहेबांनी माझा दंड धरला. विमानाने नाक किंचित डावीकडे वळवलं, सरकत्या जाळीचा पाठलाग केल्यासारखं, आणि आत शिरलं.

ड्रमचा आवाज मला अजून आठवतो. दोन ड्रम, दोन वेगवेगळे सूर. उजवा किंचाळला, दोर सरासरा सुटला. डावा नुसता गुरगुरला. विमान जाळीसकट पुढे गेलं, वाटेत जाळीबरोबर हळूच सरळ झालं, आणि थांबलं. एक पंख तेप्पमच्या कडेबाहेर, पाण्यावर. कावेरीचं पाणी त्याच्या टोकापासून हातभर खाली होतं.

मग लोकांनी दोर सोडला, उजवीकडची पिंपं धप्पकन पाण्यात बसली, आणि दोन्ही काठांवर असा आरडाओरडा झाला की झाडांवरचे कावळे उडाले. त्यांना विमानाचं काही नव्हतं. रथ जागचा हलला, एवढंच त्यांच्यासाठी पुरे होतं.

मी पायरीवर बसलो. आणि मला रडू आलं. आठ वर्षं ‘हौस’ म्हणून हिणवलेली वस्तू सगळ्या गावासमोर खरी ठरली होती. छाती भरून येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आम्ही होडीतून तेप्पमवर गेलो. मी विमान नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. प्रोपेलरचं एक पातं टोकाला मोडलं होतं. ते आम्ही दर वेळी बदलतच असू. बाकी ओरखडासुद्धा नाही. लोड सेलच्या नोंदी पाहिल्या. उजव्या दोरावर डाव्याच्या जवळजवळ दुप्पट ताण येऊन गेला होता. एका दांड्यावर हे झालं असतं तर विमान फिरून डाव्या खांबावर आपटलं असतं, यात शंका नाही. नायरसाहेबांनी त्या नोंदी वाचल्या. पुन्हा वाचल्या. माझ्याकडे पाहिलं आणि उजव्या ड्रमवर हात ठेवला. तो तापलेला होता. त्यांनी हात पटकन काढला.

ग्रेवाल मागून आले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली होती.

“मिस्टर नायर, हे एवढं कलणं, हे प्लॅनमध्ये होतं?”

मी नायरसाहेबांकडे पाहिलं. ज्या माणसाने अर्ध्या तासापूर्वी माझ्या कानाचा पडदा फाटेल इतक्या जोराने अबॉर्ट म्हटलं होतं, त्या माणसाने चष्मा नीट केला.

“अर्थात,” ते म्हणाले. “वर्स्ट केस. काल मुद्दाम सांगितलं नाही.”

ग्रेवाल माझ्याकडे वळले. मी ड्रमचा नट आवळायला खाली वाकलो. तो आवळलेलाच होता.

“माझ्या नोकरीत मी इतकं वाईट डेक पाहिलेलं नाही,” ग्रेवाल म्हणाले. “जहाज मागतो मी.”

दुपारी जेवायला सगळे अक्काकडे. तिचे तळवे सोलवटले होते, त्यांना खोबरेल लावून ती पाटावर बसली होती. नायरसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी वाकून नमस्कार केला असेल. तिला कारण कळलं नाही.

“हे काहाला?” तिने मला विचारलं.

“अक्का, तुम्ही लोकांनी दोर ओढला म्हणून आज काम जालं.”

“मग? दोर दिसल्यावर ओढायचा नाही तर काय बघत बसायचं?”

रिव्ह्यूमध्ये नायरसाहेबांनीच ट्रायलची काठावरून घेतलेली फिल्म दाखवली. आवाज बंद ठेवून, कारण आवाजात ‘गोविंदा’ होतं आणि त्यांचं अबॉर्टही होतं. ‘प्रतिकूल सागरी स्थितीचं अनुकरण, मनुष्यबळाच्या साहाय्याने’ असं ते म्हणाले. कमिटीतल्या एकाने विचारलं, एवढं मनुष्यबळ कुठून मिळालं? ‘स्थानिक सहकार्य,’ असं उत्तर. स्वतंत्र ड्रमांबद्दल त्यांनी माझं नाव घेतलं. स्वतःच्या दांड्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. माणसाने एवढं दिलं की पुरे.

पुढच्या वर्षी जहाज मिळालं. दिवाकर डेकवर, मी ड्रमांशेजारी. खोल समुद्रात, कोणाच्याही शिट्टीविना, विमान जाळीत शिरलं. त्या दिवशी समुद्र बऱ्यापैकी उसळत होता. नाविक रेलिंग धरून उभे होते. मी मनात म्हणालो, यापेक्षा आमच्या डाव्या काठाने जास्त हलवलं होतं.

मारा करून परत येणारं विमान माझ्या नोकरीत झालं नाही. नव्वदचं दशक कागदांत आणि कपातीत गेलं, आणि पुढच्या पिढ्यांचे प्रश्न वेगळे होते. त्याचं मला दुःख आहे, पण लाज नाही. रस्ता बांधताना पहिला दगड बसवणारा शेवटच्या गावाला पोहोचतोच असं नाही. आम्ही एक गोष्ट सिद्ध केली: वैमानिक नसलेलं विमान हलत्या डेकवर, मोडल्याशिवाय, परत घेता येतं. ते आपल्या देशात, आपल्या हातांनी केलं, आणि पहिल्यांदा माझ्या नदीवर केलं.

त्या ड्रमला बाहेरून एक खटका असे. ब्रेक किती आवळायचा ते त्यावर ठरे. शांत समुद्राला एक खूण, खवळलेल्याला दुसरी. जहाजावरच्या ट्रायलच्या आधी ग्रेवालांनी तिसरी खूण कोरायला लावली, त्याहून वाईट स्थितीसाठी. खुणेजवळ इंग्रजी ‘के’ अक्षर. नवे नाविक ती तांत्रिक संज्ञा समजत, म्हणून कोणी खोलात जात नसे. खरा अर्थ नायरसाहेब, ग्रेवाल, दिवाकर आणि मी, आम्हा चौघांनाच ठाऊक होता. के म्हणजे कुंभकोणम.

नव्या इंजिनिअरांना मी एकच सांगत असे. मशीनचा हिशेब करताना वारा धरता, लाटा धरता, उष्णता धरता. काठावर उभी माणसंही धरा. ती दोराला हात लावणारच.

अक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तळवे दाखवून सांगायची, नेव्हीचं जहाज मी ओढलंय. मी कधी दुरुस्त केलं नाही. तिचं म्हणणं चूक होतं, असं मला आजही म्हणता येत नाही.